आपटा कोणता, कांचन कोणता?

विजयादशमीच्या दिवशीं सीमोल्लंघन करून आलेली मंडळी वडीलधाऱ्यांच्या हातीं आपट्याचें पान ठेवितात आणि त्याला सोनें म्हणतात. रघु व कौत्स यांची कथा घरोघर ठाऊक आहे. कालिदासानें ती रघुवंशाच्या पांचव्या सर्गांत वर्णिली आहे. मात्र तेथें कुबेराचें सुवर्ण राजाच्या कोशागारांत पडतें. आपट्याचा संबंध लोकपरंपरेनें जोडिला. परंतु बाजारांतून सोनें म्हणून जें पान घरीं येतें, तें पुष्कळदां आपट्याचें नसतेंच. तें कांचनाचें असतें.

हा घोटाळा होण्यास कारणही आहे. दोन्ही झाडें शिंबी कुलांतील, एकाच गणांत गणलेलीं. दोहोंचें पान टोंकाशीं दुभंगलेलें. दोन पर्णिका एकमेकींस जुळून असें पान झालें, असें वनस्पतिशास्त्रज्ञ सामान्यतः मानितात. सायंकाळीं तें मधल्या शिरेवर मिटतें. अमरकोशांत कोविदारास, म्हणजे कांचनास, 'युगपत्रक' म्हटलें आहे. पाश्चात्त्यांनींही या गणाला 'बौहिनिया' हें नांव बौहिन आडनांवाच्या दोन वनस्पतिज्ञ भावांवरून दिलें. पण 'जोडपान' हें आपट्याचें लक्षण म्हणून सांगितल्यास, नैयायिकांच्या भाषेंत, अतिव्याप्तीचा दोष येतो. तें कांचनासही लागू पडतें. व्यावर्तक लक्षण निराळेंच शोधिलें पाहिजे.

त्याकरितां फांदीच्या शेंड्याचें कोंवळें पान न घेतां मधलें पुरतें वाढलेलें पान घ्यावें. आपट्याचें पान लांबीपेक्षां रुंदीस अधिक असतें. लांबी बहुधा एक ते दोन इंच. कांचनाचें पान तीन ते पांच इंच भरतें. आपट्याचें पान जाड, चामड्यासारखें, आणि खालच्या अंगास करड्या बारीक लवेचें. कांचनाचें त्या मानानें पातळ. मग पान उजेडासमोर धरून देंठापासून पंख्यासारख्या पसरलेल्या मुख्य शिरा मोजाव्या. आपट्यास सात ते नऊ, कांचनांस नऊ ते पंधरा. नऊ ही संख्या दोहोंकडे येत असल्यामुळें एकट्या शिरांवर निकाल देऊं नये; आकार, पोत व शिरा हीं तिन्ही लक्षणें एकत्र पाहावीं.

कांचनांतही भेद आहेत. देवकांचनाच्या पानाची खांच जवळजवळ निम्म्यापर्यंत जाते, तर ज्याची साल वैद्य कांचनार गुग्गुळासाठीं घेतात त्या कांचनाची चतुर्थांश ते तृतीयांशच. हे दोघे इतके जवळचे आहेत, कीं हाँगकाँगच्या १९९७ पासूनच्या ध्वजावर ज्या झाडाचें फूल आहे, तें या दोहोंचाच संकर होय. पानावरून संशय फिटला नाहीं, तर फुलाची वाट पाहावी. आपट्याचीं लहान फिकट फुलें उन्हाळ्यांत येतात व त्यांत दहा पुंकेसर असतात. कांचन वसंतांत फुलतो, त्यास पांच. देवकांचन शरदांत, त्यास बहुधा तीन.

आतां ही चिकित्सा कशासाठीं? आश्विनांत देवकांचन बहरावर येऊं लागतो आणि त्याचे फुलोरे फांद्यांच्या शेंड्यांकडे येतात. नेमके तेच शेंडे 'सोनें' म्हणून ओरबाडले, कीं त्या फांदीची फुलें गेलीं, शेंगा गेल्या, बींही गेलें. ज्या झाडाचा सणाशीं संबंध नाहीं, त्याची ही हानि निव्वळ अज्ञानामुळें होते. आणि खरा आपटा ओळखला, म्हणून तरी तो बोडका करावा काय?

तारळी व कृष्णा यांच्या संगमावरील आमच्या उंब्रजासारख्या गांवीं डोंगर दूर नाहींत, आणि कोरड्या डोंगरउतारावर आपटा वाढतो. घरांतील मुलांना एकदां तेथें न्यावें, पान तोडण्याआधीं शिरा मोजावयास लावाव्या आणि घरास एकच पान आणावें. देवापुढें तेंच ठेवून सर्वांनीं नमस्कार करावा. आपट्याची शेंग आपोआप फुटत नाहीं व झाडावर पुष्कळ दिवस राहते. वाळलेली एखादी शेंग मिळाल्यास ती फोडून बीं परसांत लावावें. सोनें लुटण्यापेक्षां तें पेरणें, हेंच खरें सीमोल्लंघन होय.