अपंग साक्षीदाराच्या घरी पोलीस, अपंग आरोपी कोठडीत

प्राध्यापक जी. एन. साईबाबा मार्च 2024 मध्ये नागपूर कारागृहातून निर्दोष सुटले. ते 90 टक्के अपंग होते. शौचालयाला जायलाही दोघांनी उचलावं लागे, असं त्यांनी सुटल्यावर सांगितलं. सात महिन्यांत ते गेले. तळोजा तुरुंगात फादर स्टॅन स्वामींना कंपवातामुळे पेला धरवत नव्हता. नळी आणि सिपरसाठी त्यांनी 2020 च्या नोव्हेंबरात कोर्टात अर्ज केला, तर उत्तर द्यायला तपास यंत्रणेने 20 दिवस मागितले! खटला सुरू होण्याआधीच, 2021 च्या जुलैत त्यांचं निधन झालं. कायद्याने हिरावायचं असतं ते स्वातंत्र्य. इथे पाणी पिण्याची सोयही त्यात गेली.

आपल्या फौजदारी कायद्याला अपंग माणूस दिसतो, पण मुख्यतः साक्षीदार किंवा पीडित म्हणून. अपंग साक्षीदाराला पोलीस ठाण्यात यायची सक्ती करता येत नाही, पोलिसांनीच त्याच्या घरी जायचं. तोच माणूस आरोपी झाला की ही काळजी आटते. बहिऱ्याने हाकेला ओ दिली नाही की तो उद्दाम ठरतो. बौद्धिक अपंगत्व असलेला पोरगा भीतीने प्रत्येक प्रश्नाला ‘हो साहेब’ म्हणतो. पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुराव्यात चालत नाही हे खरं, पण त्या जबाबावरून झालेली जप्ती चालते.

अपंग आरोपीला सवलत द्या म्हटलं की दोन आक्षेप ठरलेले. अपंगत्वाचं सोंग घेतलं जाईल, हा पहिला. मग तुरुंगात पाऊल ठेवतानाच वैद्यकीय नोंद करा. तामिळनाडूतल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये नेमकं तेच बजावलं आहे. दुसरा आक्षेप गुन्ह्याच्या गांभीर्याचा. पण 2022 अखेरच्या 5,73,220 कैद्यांपैकी 75 टक्क्यांहून अधिक कच्चे कैदी होते, म्हणजे गुन्हा शाबीत न झालेले. आणि गंभीर गुन्ह्यांतही सवलत देता येते, हे संसदेला ठाऊक आहे. जामिनाच्या कडक अटींतून आजारी आणि दुर्बल आरोपीला सूट द्यायची मुभा मनी लाँड्रिंगविरोधी कायद्यात आहे. साईबाबा आणि स्वामींवर लावलेल्या यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्यात ती नाही. काळा पैसा फिरवणाऱ्याच्या आजारपणाचा विचार करणाऱ्या संसदेने तेवढंच एक परंतुक यूएपीएतही घालावं.