परदेशी कारखाने आणि बडोद्याची मुले

२८ ऑक्टोबर २०२४ रोजी स्पेनचे पंतप्रधान पेद्रो सांचेझ बडोद्यात आले. भारताच्या पंतप्रधानांबरोबर त्यांनी सी-२९५ विमानांच्या कारखान्याचे उद्घाटन केले. तेव्हापासून आपल्या मंडळींत एक प्रश्न सतत ऐकू येतो: आपल्या मुलाला तिथे लागेल का? महाराष्ट्रातल्या नातेवाइकांशी त्याआधीच थोडी खडाजंगी होऊन गेली होती. नागपूरला होईल अशी आशा असलेला प्रकल्प बडोद्याला गेला म्हणून २०२२ मध्ये तिकडे बरेच राजकारण तापले. आपली पंचाईत अशी की आपण दोन्हीकडचे.

श्रीमंत देशांतले उद्योजक इकडे येतात ते जमीन, मजूर आणि बाजारपेठ पाहून, आणि यात गैर काही नाही. पण ते जातात तेव्हा काय होते, हे बडोदेकरांनी हालोलला पाहिले आहे. जनरल मोटर्सने १९९६ मध्ये तिथे ओपेल अ‍ॅस्ट्रा बनवायला सुरुवात केली. आधी हिंदुस्थान मोटर्स भागीदार होती, पुढे सगळी मालकी अमेरिकन कंपनीकडे गेली. एप्रिल २०१७ मध्ये उत्पादन थांबले. निर्णय अमेरिकेत झाला, कामगार मात्र इथले होते. बदलीसाठी तळेगावचा पर्याय पुढे आला. तोही कारखाना डिसेंबर २०२० मध्ये बंद पडला.

हालोलची गोष्ट तिथे संपली नाही, हे मात्र खरे. चीनच्या साइक कंपनीने तो कारखाना घेतला आणि २०१९ मध्ये तिथून एमजी हेक्टर बाहेर पडू लागली. शेड तयार होती, सुटे भाग पुरवणारे आसपास होते, हाताला सवय असलेली माणसे होती. मालक बदलले तरी एवढे मागे उरते, आणि आमच्या मते खरी कमाई तीच. सावलीतही असेच झाले. बॉम्बार्डियरने तिथे दिल्ली मेट्रोचे डबे बनवले, ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडसाठी गाड्या बनवल्या. २०२१ मध्ये फ्रान्सच्या अल्स्टॉमने तो व्यवसाय विकत घेतला आणि काम पुढे चालू राहिले.

विमानांचा कारखाना याहून थोडा वेगळा आहे. तंत्र एअरबसचे, पण कारखाना टाटांचा. सुमारे २१,९३५ कोटींच्या २०२१ च्या करारात ५६ विमाने आहेत. त्यांतली १६ स्पेनमधून तयार होऊन यायची, ४० बडोद्यात जुळवायची. गिऱ्हाईक एकच, आपले हवाई दल. त्यामुळे डेट्रॉइटहून फोन आला आणि कुलूप लागले, असे इथे सहज होणार नाही. पण चाळिसावे विमान बाहेर पडल्यावर पुढची मागणी कोणाची, हा प्रश्न उरतोच.

अशा वेळी आम्हांला मांडवीची आठवण होते. मराठीत मांडवी म्हणजे जकातीचे ठाणे, बाहेरच्या मालाने आत येताना काही देऊन जायची जागा. याच मांडवीत सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने २० जुलै १९०८ ला बँक ऑफ बडोदा सुरू झाली. त्याच्या आदल्या वर्षी अलेम्बिक उभी राहिली होती. तिच्या संस्थापकांत गज्जर आणि अमीन यांच्याबरोबर आपले कोटिभास्करही होते. महाराज युरोप-अमेरिका हिंडले, तिथल्या कल्पना घेऊन आले, पण भांडवल आणि कारभार इथेच ठेवला. त्याआधी १८९० मध्ये कलाभवन काढून कारागीर तयार करायला सुरुवात केली होती. आधी शिक्षण, मग कारखाने, असा तो क्रम होता. आज आपण जाहिरात आली की कोर्स शोधायला धावतो.

म्हणून सभासदांना एक सुचवावेसे वाटते. मुलाला किंवा मुलीला अशा ठिकाणी बोलावणे आले तर कंपनीच्या नावापलीकडे पाहा. नेमणूकपत्र कंपनीचे आहे की ठेकेदाराचे? पहिल्या दोन वर्षांत शिकवणार काय? आणि ते शिकलेले काम दुसऱ्या कारखान्यात चालेल का? ज्येष्ठ सभासदांत मोठ्या कारखान्यांतून निवृत्त झालेले बरेच जण आहेत. नेमणूकपत्र वाचून दाखवायला त्यांच्याइतके जाणकार दुसरे कोण मिळणार?