विश्लेषण : नव्या पिढीची रेस कार पहिल्याच हंगामात का अडखळते? महिंद्राला पुढची दोन वर्षे का झगडावे लागले?

२५ फेब्रुवारी २०२३. केपटाऊनमध्ये फॉर्म्युला ई मालिकेच्या शर्यतीचा दिवस. सराव झाला होता, पात्रता फेरी तोंडावर होती आणि महिंद्रा रेसिंगने आपल्या दोन्ही गाड्या मागे घेतल्या. कारण होते मागच्या सस्पेन्शनबाबत सुरक्षिततेची शंका. महिंद्राकडूनच पॉवरट्रेन घेणाऱ्या आब्ट कुप्रा संघालाही मग थांबावे लागले. एका भागामुळे चार गाड्या गॅरेजमध्ये उभ्या राहिल्या. दोनच आठवड्यांपूर्वी, ११ फेब्रुवारीला, हैदराबादेत हुसेन सागरच्या काठी याच गाड्या घरच्या प्रेक्षकांसमोर धावल्या होत्या.

नाशिककरांना महिंद्रा म्हटले की सातपूरचा कारखाना आणि इगतपुरीचा इंजिनांचा प्रकल्प आठवतो. रेसिंगचा संघ मात्र इंग्लंडमधील बॅनबरी येथून चालतो. तिथे झालेली अडचण सातपूर-अंबडच्या कोणत्याही टूलरूममध्ये काम केलेल्याला लगेच समजेल. नव्या मॉडेलचा पहिला लॉट, हाताशी कमी दिवस आणि डिस्पॅचची तारीख मात्र ठरलेली.

फॉर्म्युला ई आता २०२६-२७ च्या हंगामापासून चौथ्या पिढीच्या गाड्यांकडे वळत आहे आणि महिंद्रा त्यातही आहे. त्यामुळे नव्या पिढीची गाडी हंगामाआधी कशी तयार होते आणि नेमकी कुठे अडते, हे पाहायला हवे.

‘नवी पिढी’ म्हणजे नेमके काय?

रेसिंगमध्ये गाडीची पिढी बदलते, तेव्हा मुळात नियमपुस्तिका बदलते. चासी, सस्पेन्शन, गिअरबॉक्स, बॅटरी किंवा इंजिन यांपैकी बरेच काही एकाच वेळी नवे येते. जुन्या गाडीवर वर्षानुवर्षे गोळा केलेले सेटिंगचे आकडे जवळपास निरुपयोगी ठरतात.

हे सर्वाधिक दिसते ते टूरिंग कारमध्ये. टूरिंग कार म्हणजे शोरूममधल्या चारचाकीसारखी दिसणारी, पण आतून शर्यतीसाठी बांधलेली गाडी. ब्रिटनच्या टूरिंग कार मालिकेने २०११ पासून टप्प्याटप्प्याने ‘नेक्स्ट जनरेशन टूरिंग कार’चे नियम आणले. अनेक महागडे भाग सर्व संघांना एकाच पुरवठादाराकडून घ्यायला लावायचे आणि खर्च आवरायचा, हा त्यामागचा विचार होता. ऑस्ट्रेलियाच्या सुपरकार्स मालिकेने २०२३ मध्ये ‘जेन थ्री’ आणली. तिथे फोर्ड मस्टँग आणि शेव्हरोले कॅमेरो अशा दोनच गाड्या मैदानात होत्या.

गाडी तयार कशी होते?

सुरुवात उघड्या सांगाड्यापासून होते. मालिका कारखान्यातून निघालेल्या गाड्यांवर आधारित असेल, तर सीट, कार्पेट, आवाज रोखणारे थर असे सगळे काढून टाकतात. मग आत पोलादी नळ्यांचा रोल केज वेल्ड करतात. गाडी उलटली तर चालकाला वाचवणारा पिंजरा तो हाच. शिवाय त्याने सांगाड्याचा ताठपणाही वाढतो. वेल्डिंगच्या उष्णतेने धातू ओढला जातो, म्हणून हे काम जिगवर करावे लागते. एक-दोन मिलिमीटरचा फरक राहिला की डावी आणि उजवी चाके वेगळी वागू लागतात आणि चालक हंगामभर ‘गाडी एका बाजूला खेचते’ म्हणत राहतो.

मग वायरिंग. आधुनिक रेस कारमध्ये तापमान, दाब, चाकांचा वेग, सस्पेन्शनची हालचाल असे सगळे मोजणारे सेन्सर असतात. हंगामाआधीच्या दिवसांत मेकॅनिकचा बराच वेळ इंजिनापेक्षा कनेक्टर शोधण्यात जातो. बाहेरून पाहणाऱ्याला हे काम दिसतही नाही.

त्यानंतर ‘कॉर्नर वेट’. सपाट जागी चारही चाकांखाली चार वजनकाटे ठेवतात, चालकाच्या जागी त्याच्या वजनाइतका भार ठेवतात आणि स्प्रिंगची बैठक थोडी वर-खाली करून कर्णरेषेतील चाकांवरचा भार जुळवतात. चार पायांच्या डुगडुगणाऱ्या टेबलाखाली कागदाची घडी घालावी, तसाच हा प्रकार. पाठोपाठ चाकांचा कल, दिशा आणि गाडीची जमिनीपासूनची उंची ठरते.

शेवटी ‘शेकडाऊन’, म्हणजे गाडीची पहिली धाव. या दिवशी वेगाची फारशी कोणी पर्वा करत नाही. एक फेरी मारायची, आत यायचे, बॉनेट उघडायचे. तेल कुठे गळते का? नळी कुठे घासते का? नट-बोल्ट घट्ट केल्यावर त्यांवर रंगाची रेघ ओढलेली असते. ती रेघ सरकली असेल तर बोल्ट सैल झाला, हे उघड होते. हे कंटाळवाणे काम जितक्या वेळा होईल तितके हंगामात कमी रडावे लागते.

मग घोडे अडते कुठे?

वेळेत. जुन्या पिढीचा हंगाम संपतो आणि नव्याचा सुरू होतो, यात जेमतेम काही महिने असतात. ऑस्ट्रेलियाची ‘जेन थ्री’ आधी २०२२ च्या सुरुवातीला येणार होती. मग २०२२ च्या मध्यावर, मग २०२३ वर ढकलली गेली. एवढे होऊनही मार्चमधील न्यूकॅसलच्या पहिल्या फेरीआधी संघांची धावपळ सुरूच होती. सर्वांना एकाच पुरवठादाराकडून भाग घ्यायचे असतील, तर तो पुरवठादार उशीर करतो तेव्हा अख्खी मालिका उशिरा धावते. खर्च वाचवणाऱ्या नियमाची ही दुसरी बाजू. एकाच व्हेंडरवर अवलंबून असलेल्या असेम्ब्ली लाइनची ती ओळखीची डोकेदुखी आहे.

न्यूकॅसलमध्ये आणखी एक गंमत झाली. पहिली शर्यत शेन व्हॅन गिसबर्गनने जिंकली, त्याचाच संघसहकारी ब्रॉक फीनी दुसरा आला आणि दोघेही बाद ठरले. कारण इंजिनाशी किंवा टायरशी संबंधित नव्हते. चालकाला गार ठेवणाऱ्या यंत्रणेतील ड्राय आइसचा डबा नियमाप्रमाणे हवा त्या जागी नव्हता. विजय कॅमेरॉन वॉटर्सला मिळाला. नियमपुस्तिका नवी असली की तिचा अर्थ लावण्यातही माणसे चुकतात.

दोन गाड्या समान आहेत, हे ठरवणार कोण?

हा वाद ऑस्ट्रेलियात वर्षभर पेटत राहिला. मस्टँग आणि कॅमेरो यांची इंजिने वेगळी, एकाचे ५.४ लिटरचे तर दुसऱ्याचे ५.७ लिटरचे. बाह्य आकारही वेगळे. हंगामाआधी चाचण्या घेऊन दोन्ही सारख्या ठरवल्या होत्या. प्रत्यक्षात बहुतेक शर्यती कॅमेरोने जिंकल्या आणि विजेतेपदही कॅमेरो चालवणाऱ्या ब्रॉडी कोस्टेकीकडे गेले. फोर्डच्या संघांनी तक्रारी केल्या, हंगामात हवेच्या दाबाशी संबंधित फेरफार झाले आणि अखेर दोन्ही गाड्या अमेरिकेतील पवनबोगद्यात नेऊन मोजाव्या लागल्या. हे मोजमाप हंगामाआधी झाले असते तर? पैसे वाचवण्यासाठी टाळलेला खर्च नंतर करावा लागलाच आणि मधले वर्ष भांडणात गेले ते वेगळे.

सगळेच धोके मोजून कळत नाहीत, हेही खरे. अमेरिकेच्या नॅस्कार मालिकेने २०२२ मध्ये नवी गाडी आणली. तिचा मागचा भाग इतका ताठ होता की धडकेची ऊर्जा गाडीऐवजी चालकापर्यंत पोहोचत असल्याच्या तक्रारी आल्या. जुलैमध्ये पोकोनोच्या पात्रता फेरीत २००४ चा विजेता कर्ट बुश याची गाडी मागून भिंतीवर आदळली. मेंदूला बसलेल्या धक्क्यामुळे त्याची पूर्णवेळ कारकीर्दच थांबली. २०२३ साठी मागच्या भागाची रचना बदलण्यात आली.

महिंद्राचे दोन हंगाम का गेले?

केपटाऊनच्या माघारीनंतर महिंद्राने पुढच्या साओ पावलोच्या फेरीत पुन्हा गाड्या उतरवल्या. म्हणजे सस्पेन्शनचा प्रश्न तेवढ्यापुरता सुटला होता. मूळ अडचण वेगळी होती आणि ती एका तांत्रिक शब्दात दडली आहे : होमोलोगेशन.

फॉर्म्युला ईमध्ये चासी, बॅटरी, टायर आणि पुढची मोटर सर्वांना सारखी मिळते. मागची मोटर, इन्व्हर्टर, गिअरबॉक्स, मागचे सस्पेन्शन आणि सॉफ्टवेअर संघांचे स्वतःचे असते. यातील यंत्रभागांचा आराखडा हंगामाआधी मंजूर करून गोठवला जातो. तिसऱ्या पिढीसाठी ही मंजुरी दोन हंगामांची होती. सॉफ्टवेअर सुधारत राहता येते, सुरक्षिततेसाठी परवानगीने बदल करता येतो. पण आपली पॉवरट्रेन प्रतिस्पर्ध्यांपेक्षा कमी कार्यक्षम निघाली, तर ती तशीच दोन वर्षे ओढावी लागते. कारखान्यात ड्रॉइंगवर सही झाल्यावर चूक लक्षात यावी आणि बदल मात्र दोन वर्षांनी करता यावा, असे हे आहे.

महिंद्राचे तेच झाले. दोन्ही हंगामांत संघ गुणतक्त्याच्या तळाशी राहिला. चालक ऑलिव्हर रोलंडने २०२३ मध्ये हंगाम अर्ध्यावर असतानाच संघ सोडला आणि पुढे २०२४-२५ मध्ये निस्सानकडून विजेतेपद पटकावले. चालक तोच, गाडी वेगळी. त्याच २०२४-२५ मध्ये होमोलोगेशनची खिडकी पुन्हा उघडली होती. नव्या आराखड्यासह उतरलेला महिंद्राचा संघ थेट चौथ्या स्थानावर पोहोचला.

चाचणी हा उपाय मानला, तरी तिथेही सगळे हातात नसते. ऑक्टोबर २०२३ मध्ये व्हॅलेन्सियाच्या हंगामपूर्व चाचणीत डीएस पेन्स्के संघाची गाडी ट्रॅकवर बंद पडली. तिची बॅटरी काढून तपासणी सुरू असताना आग लागली. सर्वच संघांचे चाचणीचे वेळापत्रक कोलमडले. आधीच मोजके असलेले दिवस आणखी कमी झाले.

भारतात टूरिंग कारची तयारी कशी होते?

आपल्याकडे याचे ठळक उदाहरण पुण्याजवळचे. फोक्सवॅगनने २०१० मध्ये भारतात पोलो कप सुरू केला. २०१५ मध्ये व्हेंटो आली, २०१७ मध्ये अॅमिओ. एकाच कंपनीच्या, एकसारख्या गाड्यांची ही मालिका असल्याने समानतेचा वाद मुळातच कमी. चाकणमध्ये तयार होणारी रस्त्यावरची पेट्रोल अॅमिओ ७५ पीएस शक्तीची होती, तर शर्यतीच्या अॅमिओत १.८ लिटरचे टर्बो इंजिन होते, २०५ पीएसचे. एवढा फरक पडला की गिअरबॉक्स, ब्रेक, रेडिएटर सगळेच नव्याने ठरवावे लागते. वरचे कवच काय ते ओळखीचे उरते.

राष्ट्रीय कार रेसिंगच्या फेऱ्या मुख्यतः तमिळनाडूत, चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टई आणि कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर होतात. नाशिक किंवा पुण्याच्या संघाला शेकडाऊनच्या एका दिवसासाठीही ट्रकमधून गाडी, टायर, हत्यारे घेऊन हजारांहून अधिक किलोमीटर जावे लागते. तिथे एखादा सेन्सर विसरल्याचे लक्षात आले तर दिवस गेलाच म्हणायचा. राज्यात इतका वाहन उद्योग असूनही ही स्थिती आहे, याबद्दल फारसे कोणी बोलत नाही.

नाशिकच्या विद्यार्थ्यांचा याच्याशी संबंध काय?

बराच आहे. नाशिक परिसराने राष्ट्रीय रॅलीच्या फेऱ्या पाहिल्या आहेत. सातपूरला बॉशचा इंजेक्टरचा आणि सीएटचा टायरचा कारखाना आहे. गाडीचे सुटे भाग बनवणारे लघुउद्योजक तर गल्लोगल्ली आहेत. अभियांत्रिकीच्या मुलांसाठी मात्र खरी शाळा म्हणजे बाहा आणि फॉर्म्युला भारतसारख्या विद्यार्थी स्पर्धा. बाहाची गाडी टेम्पोत चढवून आग्रा रोडने पिथमपूरपर्यंत न्यायची, हा अनुभव इथल्या अनेकांनी घेतला आहे.

या स्पर्धांत दरवर्षी नवी गाडी बांधायची असते, म्हणजे प्रत्येक हंगाम ‘नव्या पिढी’चाच. फॉर्म्युला गटाच्या गाडीला शर्यतीआधी ६० अंशांपर्यंत तिरपे करतात. तेलाचा थेंबही गळता कामा नये. ब्रेक दाबल्यावर चारही चाके एकदम जाम व्हायला हवीत. इलेक्ट्रिक गाडी पाण्याच्या फवाऱ्याखाली उभी राहते. कितीतरी संघांची स्पर्धा या तपासणीच्या रांगेतच संपते. वर्षभराची मेहनत, घरून आणलेले पैसे, प्रायोजकांना दिलेले शब्द, सगळे पॅडॉकमध्येच राहते. बहुतेकांचे दुखणे एकच असते : गाडी स्पर्धेच्या आठवड्यात पूर्ण झाली, ती चालवून पाहायला दिवसच उरले नाहीत.

चौथ्या पिढीत काय पाहायचे?

तिसऱ्या पिढीच्या गाडीची कमाल शक्ती ३५० किलोवॉट, चौथ्या पिढीची ६०० किलोवॉट, म्हणजे सुमारे ८०० अश्वशक्ती. शिवाय चारही चाकांना कायम शक्ती मिळणार. टायर, सस्पेन्शन, ब्रेक, शीतकरण या सगळ्यांवर ताण वाढणार हे उघड आहे.

हंगामपूर्व चाचणीच्या बातम्या येतील, तेव्हा सर्वांत वेगवान फेरी कोणाची, याचेच मथळे होतील. त्यापेक्षा कोणत्या संघाने एकूण किती फेऱ्या पूर्ण केल्या, किती तास गाडी गॅरेजमध्ये उघडी पडली होती आणि त्यांच्याकडून पॉवरट्रेन घेणाऱ्या दुसऱ्या संघाचे काय झाले, हे आकडे शोधावेत. एका फेरीचा वेग किती फसवा असतो, याचे उदाहरण महिंद्राचेच आहे. १४ जानेवारी २०२३ रोजी मेक्सिको सिटीत, तिसऱ्या पिढीच्या पहिल्यावहिल्या शर्यतीत, पोल पोझिशन महिंद्राच्या लुकास दि ग्रासीने घेतली होती आणि तो तिसरा आला होता. केपटाऊनची माघार त्यानंतर बरोबर सहा आठवड्यांनी झाली.