आधी चाक, मग मोटार

आपल्या कॉलेजच्या सायकल-स्टँडवर हल्ली एकच चर्चा कानी पडते: कोणाची मोटार किती वॉटची आणि बॅटरी किती व्होल्टची! साध्या सायकलीला १००० वॉटची हब-मोटार बसवून ताशी ४५-५० किलोमीटर वेग गाठणारे वीर आपल्यातही निघू लागले आहेत. पण ‘तुझं चाक कसलं आहे रे?’ असे कोणी कोणाला विचारीत नाही. माझे स्पष्ट मत असे की, खर्चाची सुरुवात चाकापासून व्हावी. उरलेल्या पैशात येईल ती मोटार घ्यावी.

वेग दुप्पट झाला की गतिज ऊर्जा चौपट होते, हे अकरावीतच शिकवतात. पावसाळ्यानंतरचे आपले रस्ते मात्र ते विसरू देत नाहीत. त्यात हब-मोटारीचे काही किलो वजन थेट चाकातच असल्याने खड्ड्याच्या काठावर रिमला बसणारा तडाखा अधिकच जबर.

बैलगाडीच्या चाकात भार खालच्या लाकडी आऱ्यांवर उभा असतो. सायकलीचे तसे नाही. तिथे तारेचे आरे ताणलेले असतात, आणि जमिनीकडे येणारा आरा दर फेऱ्याला किंचित सैल पडून पुन्हा ताणला जातो. मोठ्या चाकाचा घेर सुमारे २ मीटर धरला, तर १० किलोमीटरमध्ये हे ५,००० वेळा घडते. मुळातच सैल असलेला आरा अशाने हबजवळच्या वाकणात तुटतो. म्हणून नुसता जाड आरा घालून भागत नाही. २.६ मिलिमीटरचा आरा पुरेसा ताणायचा तर हलकी रिम तो ताण सोसत नाही. निपलच्या भोकांशी चिरा पडतात. दुहेरी भिंतीची अॅल्युमिनियम रिम, ३६ आरे, हबकडे २.३ व रिमकडे २ मिलिमीटर जाडी, हा मेळ मला योग्य वाटतो. मोटारीचा हब मोठा, आरे आखूड. तेव्हा ते एकदाच ओलांडून गुंफावेत, नाहीतर निपलपाशी तिरपे होऊन तिथेच तुटतात. आणि पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर आऊट काढून घ्यावा. हे काम जाणणारा मिस्त्री घासाघीस न करता सांभाळावा!

टायरच्या बाबतीत ‘२६ इंच’ या शब्दावर विसंबू नये. २६ × १ ३/८ चा टायर ५९० मिलिमीटरच्या रिमचा, तर २६ × २.१२५ चा ५५९ च्या रिमचा. एकमेकांवर ते बसत नाहीत. बाजूला छापलेला ५०-५५९ असा आकडा पाहावा: पहिली रुंदी, दुसरा रिमचा व्यास. निदान ५० मिलिमीटर रुंदी हवी, आणि इसीई-आर७५ असा शिक्का असल्यास उत्तम. तो टायर ताशी ५० किलोमीटरपर्यंत तपासलेला असतो. चांगला एकच परवडत असेल तर तो पुढे घालावा, कारण पुढचा टायर फुटला तर सावरायला अवधीच मिळत नाही.

त्याहून वेग हवा असेल त्याने मोपेडची रिम आणि २.५०-१६ चा मोपेडचा टायर घ्यावा. तो सायकलीच्या १६ इंची रिमवर बसत नाही. पेडल मारणे जड जाईल, हे खरे. पण २५० वॉट आणि ताशी २५ किलोमीटर ही सूट ओलांडणारी गाडी कायद्याने मोटार-वाहनच ठरते. तिला नोंदणी, विमा आणि परवाना लागतो. तिला सायकल म्हणतो ते फक्त आपणच.