बंध पुस्तकातले आणि शिरोलीतले

पहिल्या वर्षाच्या ओरलला हमखास येणारा प्रश्न : धातू वाकतो, अधातू तुटतो, असं का? उत्तरही ठरलेलं. "सर, मेटॅलिक बाँड!" त्यावर पुन्हा 'का' आलं, की आपण खिडकीबाहेर बघतो. मित्रांनो, दोष फक्त आपल्या पाठांतराचा नाही, शिकवण्याच्या पद्धतीचाही आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

हुपरीची चांदी घ्या. चांदीच्या अणूंचे बाहेरचे इलेक्ट्रॉन कुणा एकाच्या मालकीचे नसतात. मेसच्या आमटीसारखे सगळ्यांचे. थर एकमेकांवरून सरकले तरी बंध टिकतो, म्हणून चांदीची तार ओढता येते. सिलिकॉनचं उलट. प्रत्येक अणूनं चार शेजाऱ्यांचे हात ठरलेल्या दिशांनी धरलेले. हातोडा मारला की हात सुटतात, तुकडे पडतात. तापवलं की अडकलेले काही इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि वीज जास्त वाहते. धातूत तापवल्यावर ती कमी वाहते. म्हणून सिलिकॉन धातुसदृश.

हे तिघं एकत्र बघायचे तर शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत जा. करड्या बिडात लोखंड हा धातू, 3 टक्क्यांच्या वर कार्बन हा अधातू आणि 2 टक्क्यांच्या आसपास सिलिकॉन. कार्बन ग्रॅफाइटच्या पाकळ्या होऊन बसतो. त्याच्या एका थरात अणू घट्ट बांधलेले, पण दोन थरांत नुसती ओढ. म्हणून बीड सहज कापलं जातं, कंपनं जिरवतं, आणि ताणलं की तडकतं. सिलिकॉन कमी पडलं किंवा पातळ भाग झटकन थंड झाला, तर तोच कार्बन लोखंडाशी बांधला जाऊन कार्बाइड होतो. मग ड्रिल बोथट, जॉब रिजेक्ट, पुन्हा भट्टीत! उलट, रसात किंचित मॅग्नेशियम घातलं की पाकळ्यांच्या गोळ्या होतात आणि बीड ताण सोसतं. कार्बन तोच, कुणाशी, कसा बांधला, यावर सगळं अवलंबून.

म्हणून माझी मागणी साधी आहे. हा धडा संपण्याआधी अर्धा दिवस फाउंड्री दाखवा, सहल म्हणून नव्हे, प्रॅक्टिकल म्हणून. तेवढं जमत नसेल तर ओरलच्या टेबलावर बिडाचा मोडका तुकडा आणि तांब्याची तार ठेवा, आणि विचारा, "हा तुटला, ही वाकली, सांग का?" आणि आपणही तयारीनं जाऊ या. उद्या रिजेक्ट जॉबचा ढीग समोर असेल, तेव्हा जर्नलमधली व्याख्या कामाला येणार नाही.