मोगलीच्या पुढच्या जुन्या जपानी मालिका, आणि त्या मराठीत सांगायची गोष्ट



आपण इथे जुने वाडे, होळकरांच्या वेळच्या आठवणी, गणेशोत्सवातली नाटकं यांवर लिहितो. आज विषय जरा वेगळा आहे, पण आपल्या घरांशी त्याचा संबंध आहे, म्हणून पूर्ण वाचा.

गेली दोन वर्षं मी आणि माझी नात (आता नऊ वर्षांची आहे) जुन्या जपानी कार्टून मालिका बघतोय. त्याला 'ॲनिमे' म्हणतात हे तिनेच मला शिकवलं. आतापर्यंत पाच मालिका झाल्या. माझं मत असं झालंय की इंदूर, ग्वाल्हेर, बडोद्याकडच्या आपल्या घरांत या मालिका मुलांना नुसत्या लावून देऊ नयेत. आजी-आजोबांनी शेजारी बसावं आणि मराठीत सांगत सांगत बघाव्यात.

सुरुवात मोगलीपासून करते, कारण तो सगळ्यांच्या ओळखीचा. रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'जंगल बुक' लागायचं, गुलजारांचं ते गाणं सुरू झालं की आंघोळीला गेलेली मुलंसुद्धा अर्धवट ओली बाहेर यायची. ती मालिका जपानी, हे तेव्हा कितीजणांना ठाऊक होतं? निप्पॉन ॲनिमेशनने १९८९ मध्ये ती काढली, भाग ५२. हिंदीत विशाल भारद्वाजांचं संगीत आणि शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज. गोष्ट मात्र आपल्या शेजारची. किपलिंगचा जन्म मुंबईचा, आणि त्याने रंगवलेलं जंगल सिवनीचं, वैनगंगेच्या काठचं. पुस्तक त्याने लिहिलं अमेरिकेत बसून, ते पोचलं जपानला, आणि तिथून हिंदी बोलत परत मध्य प्रदेशात आलं.

आता परत बघताना चित्रं जरा जुनाट वाटली. पण डिस्नेने लबाड करून टाकलेला 'का' अजगर इथे पुस्तकातल्यासारखा मोगलीच्या बाजूने उभा राहतो, ते मला फार आवडलं. मोगली माणसांत गेला की माणसांचा होत नाही आणि जंगलात पूर्ण जंगलाचा राहत नाही, हेही लहानपणी कळण्यासारखं नव्हतं. आता कळतं.

त्यानंतरच्या तीन मालिका इसाओ ताकाहाता या दिग्दर्शकाच्या. पुढे मियाझाकीबरोबर स्टुडिओ जिबली उभारणारे हेच ते.

हायडी (१९७४, ५२ भाग). स्वित्झर्लंडच्या डोंगरात आजोबांकडे येऊन पडलेली अनाथ पोर. चित्रं काढायच्या आधी ही मंडळी खरोखर स्वित्झर्लंडला जाऊन डोंगर, घरं, गवत बघून आली होती. ते दिसतं. आजोबा विस्तवावर चीज भाजून पावावर घालतात तो प्रसंग बघून आमच्याकडे पंधरा दिवस तेच चाललं होतं, पोह्यांकडे कोणी बघेना.

पण या मालिकेतला खरा ऐवज फ्रँकफर्टच्या भागांत आहे. हायडीला मोठ्या घरात क्लाराला सोबत म्हणून ठेवतात. खायला-ल्यायला काही कमी नाही. पण डोंगरासाठी तिचा जीव तळमळतो आणि रडायचीही सोय नाही, म्हणून ती झोपेत चालायला लागते. डॉक्टर येतात, आणि औषध काय सांगतात? हिला घरी पाठवा. नातीने विचारलं, "आजी, हिला क्या हुआ?" मी म्हटलं, "हिला घरची ओढ लागलीय." 'ओढ' हा शब्द तिला पहिल्यांदा तिथे मिळाला. होमसिक तिला ठाऊक होतं, पण ओढ म्हणजे कोणीतरी दोरीने ओढल्यासारखं, हे तिने हाताने करून दाखवलं.

मार्को (१९७६, ५२ भाग). माझी सगळ्यात आवडती. दे आमिचिसच्या 'कुओरे' या इटालियन पुस्तकातली छोटीशी गोष्ट त्यांनी वर्षभर पुरवली. जेनोआच्या मार्कोचे वडील गरिबांसाठी दवाखाना चालवतात, त्यापायी कर्ज होतं. ते फेडायला आई घरकामाच्या नोकरीसाठी थेट अर्जेंटिनाला जाते. मग तिची पत्रं बंद होतात आणि पोरगा एकटा तिला शोधायला निघतो.

मधले काही भाग रेंगाळतात, खरं सांगते. पण अमेदेओ नावाचं माकड आणि बाहुल्यांचे खेळ करत फिरणारं पेपिनोचं कुटुंब यांमुळे मुलं टिकून राहतात. एकोणिसाव्या शतकात इटलीतून खरोखर लाखो माणसं पोटासाठी अर्जेंटिनाला गेली. बोटीवरची गर्दी, परक्या गावात आपली भाषा कानावर पडताच होणारा आनंद, पैशाची चणचण हे सगळं त्यात आहे.

आपले पूर्वजही कधी शिंदे-होळकरांच्या फौजेबरोबर, कधी दफ्तरात लेखणी धरायला इकडे आले. सगळे सरदार नव्हते हो! आपण सरदारांच्याच गोष्टी सांगतो. मागे राहिलेल्या बायका-मुलांची, न आलेल्या पत्रांची गोष्ट कोणी सांगत नाही. मार्को बघताना नातीने विचारलं, "आपण इंदूरला का आलो?" इतकी वर्षं गणपतीत मराठी कार्यक्रमांना नेलं, तेव्हा हा प्रश्न कधी आला नव्हता.

ॲन (१९७९, ५० भाग). कॅनडातल्या माँटगोमेरीबाईंची 'ॲन ऑफ ग्रीन गेबल्स'. जपानी लोकांचा या पुस्तकावर भारी जीव. हानाको मुराओका या बाईंनी युद्धाच्या काळात त्याचा अनुवाद केला, तो १९५२ मध्ये छापून आला. शेतीला हाताशी मुलगा हवा म्हणून भाऊ-बहीण अनाथालयाला कळवतात आणि येते मुलगी. 'मुलगाच हवा होता' हे वाक्य आपल्याकडे कोणाला समजावून सांगायची गरज पडते का? ही मालिका फार संथ आहे, पहिल्या दोन भागांत पोर जेमतेम घरी पोचते. शेवटाकडे एक मृत्यू आहे, तेव्हा मूल शेजारी असू द्या आणि घाईने पुढचा भाग लावू नका.

कोनान (१९७८, २६ भाग). ही मियाझाकींनी दिग्दर्शित केलेली पहिली मालिका. २००८ साली महायुद्ध होऊन जग बुडालंय, आणि एका बेटावर वाढलेला दांडगा पोरगा लाना नावाच्या मैत्रिणीला सोडवायला निघतो. बाकीच्या मालिका ज्या मुलांना हळू वाटतात त्यांनी ही बघावी. पळापळ भरपूर आहे आणि तरी युद्धाचं कौतुक कुठेही नाही.

आता मराठीत सांगायची गोष्ट. कोणी म्हणेल, हिंदीत डोरेमॉन मिळतो, मुलं आपली आपण बघतात, कशाला हा खटाटोप? मी म्हणते, तोच तर घोटाळा आहे. आपल्या घरांतलं मराठी आता 'जेवायला ये', 'दूध पी', 'झोप' एवढ्यावर आलंय. बाकी सगळं हिंदीत. मराठीच्या वर्गात बाराखडी येते, ती यावीच, पण कर्ज, ओढ, हेवा, लाज, माया हे शब्द वापरायला प्रसंग लागतो. आमच्या मालिका जपानी आवाजात होत्या, खाली इंग्रजी सबटायटल. ती वाचायला नातीचा वेग पुरत नव्हता, म्हणून मी वाचून मराठीत सांगायला लागले. ती अडचणच कामाला आली.

हे काही जगावेगळं नाही. जपानमध्ये मूकपटांच्या काळात पडद्याशेजारी 'बेन्शी' उभा राहायचा आणि प्रेक्षकांना गोष्ट सांगायचा. लोक पुष्कळदा त्याच्यासाठीच तिकीट काढायचे. आपल्याकडे सिंधुदुर्गात पिंगुळीचे चित्रकथी चित्र पुढे धरून रामायणातल्या कथा सांगत आले आहेत. चित्र एकाने काढायचं आणि गोष्ट आपल्या माणसाने आपल्या बोलीत सांगायची, ही रीत दोन्हीकडे जुनी आहे.

स्क्रीन टाइमचं म्हणाल, तर दिवसाला एकच भाग, वीस-पंचवीस मिनिटं, आणि मग टीव्ही बंद. जपानमध्येही या मालिका आठवड्याला एक भाग अशाच दाखवल्या गेल्या. उरलेले सहा दिवस मुलं त्याबद्दल बोलत राहिली असतील, आणि ते बोलणंच आपल्याला हवंय.

सहा-सात वर्षांच्या मुलांना हायडी, आठच्या पुढे मार्को आणि कोनान, दहा-अकराला ॲन. मोगली कोणत्याही वयाला चालतो. तुमचं मराठी हिंदीमिश्रित असलं तरी लाजू नका, माझंही आहे. 'करडू' आठवलं नाही तर 'बकरीचं पिल्लू' म्हणा. पण सांगा तुम्ही, टीव्हीवर सोडू नका.