गळ्यातील नळी आणि घरातील दक्षता

विषारी सर्पदंश, कीटकनाशकाची विषबाधा, धनुर्वात किंवा डोक्याला बसलेला जबर मार यांमुळे रुग्णाला दीर्घकाळ व्हेंटिलेटरवर ठेवावे लागते, तेव्हा मानेच्या पुढील भागी श्वासनलिकेला छिद्र करून तेथे नळी बसविली जाते. हीच ट्रॅकिओस्टॉमी. काही रुग्ण ही नळी घेऊनच घरी येतात आणि तिची जबाबदारी कुटुंबावर येते.

नंदुरबार जिल्ह्यातील चिंचपाड्यास ख्रिश्चन हॉस्पिटल आहे. तथापि आसपासच्या एखाद्या पाड्यावर मध्यरात्री नळी कफाने तुंबली, तर तेथवरचे अंतरही फार ठरते. प्राणवायू मिळेनासा झाल्यास मेंदूला चार-पाच मिनिटांतच इजा होऊ लागते. म्हणून अशा प्रसंगी पहिला उपचार घरातीलच माणसाने करावयाचा असतो. नव्या साधनांचे मोल याच कसोटीवर ठरवावे.

सर्वांत उपयुक्त साधन दिसावयास अगदी साधे आहे : दुहेरी नळी. बाहेरची नळी जागेवर राहते आणि कफाने भरलेली आतली नळी काढून स्वच्छ करता येते. आपल्या रुग्णाची नळी दुहेरी आहे की एकेरी, हे घरी येण्यापूर्वीच विचारून घ्यावे. नाकावाटे जाणारी हवा उबदार व ओलसर होते. नळीतून जाणारी कोरडीच राहते आणि कफ घट्ट करते. त्यासाठी नळीच्या तोंडाशी बसणारे ‘कृत्रिम नाक’ मिळते. ते कफाने भिजताच बदलावे. रुग्णाला चुलीच्या धुरापासूनही दूर ठेवावे.

कफ ओढण्यासाठी बॅटरीवर चालणारे सक्शन यंत्र घ्यावे, म्हणजे वीज गेली तरी अडचण येत नाही. एका वेळी १० ते १५ सेकंदांहून अधिक काळ कफ ओढू नये. नळीला फुगा असल्यास त्यातील दाब मापकाने मोजून सामान्यतः २० ते ३० सेंटिमीटर पाण्याइतका राखतात. अधिक दाबाने श्वासनलिकेस जखम होते.

बोटाला लावण्याचा ऑक्सिमीटर कोरोनाकाळात घरोघरी पोहोचला. मात्र नळी तुंबल्यानंतर त्यातील आकडा काही वेळाने उतरतो. शिवाय सावळ्या त्वचेवर तो प्रत्यक्षाहून अधिक दिसू शकतो. म्हणून श्वासाची घरघर, छातीची ओढ आणि रुग्णाची अस्वस्थता यांवर आधी विश्वास ठेवावा. रुग्णालयात उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड दाखविणारे कॅप्नोग्राफी यंत्र नळी जागेवर असल्याची खात्री अधिक लवकर देते. ब्रिटनमध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, अतिदक्षता विभागातील श्वसनमार्गाशी निगडित ७० टक्क्यांहून अधिक मृत्यूंत या यंत्राचा वापर न होणे हे एक कारण आढळले होते.

नळीमुळे हरवलेली वाचाही अनेकदा परत मिळते. स्वतः स्नायुक्षयाने जखडलेल्या डेव्हिड म्यूर या अमेरिकन तरुणाने १९८५ साली त्यासाठी बोलण्याची झडप तयार केली. ही झडप केवळ डॉक्टरांच्या सल्ल्याने लावावी. नळीचा फुगा पूर्ण रिकामा केल्याशिवाय ती कदापि लावू नये. अन्यथा उच्छ्वासाला वाटच उरत नाही.

आपल्या हातातील मोबाइलही येथे उपयोगी आहे. परिचारिका नळी कशी स्वच्छ करतात, याचे चित्रीकरण त्यांच्या अनुमतीने करून घ्यावे. निकडीच्या नसलेल्या शंकांसाठी ‘ई-संजीवनी’ ही शासकीय दूरसल्ला सेवा आहे. परंतु श्वास अडल्यास तिची वाट पाहू नये. आतली नळी तत्काळ काढावी, कफ ओढावा आणि त्याच वेळी दुसऱ्याने १०८ क्रमांकास फोन करावा.

घरी येण्यापूर्वी किमान दोघांनी ही कृती परिचारिकेसमोर स्वतःच्या हाताने करून दाखवावी. त्याच मापाची एक व त्याहून लहान एक अशा दोन नळ्या रुग्णाच्या उशाशी ठेवाव्यात आणि नळी निसटल्यास काय करावयाचे, हेही तेव्हाच शिकून घ्यावे. यंत्र विकत आणता येते. शिकलेला हात मात्र घरातच तयार करावा लागतो.